फेअरवे वुड

फेअरवे वुड : गॉल्फच्या खेळात फेअरवेवरील आखूड कापलेल्या गवतावरून चेंडू लांब अंतरावर मारण्यासाठी वापरावयाचा क्लब. प्रारंभीचा फटका ज्या ड्रायव्हरने मारतात त्याच्यापेक्षा या क्लबचे शीर्ष लहान, दांडा आखूड आणि मुख अधिक तिरपे असते. मुखाच्या या तिरपेपणास लॉफ्ट म्हणतात. क्लबचा तळ जमिनीवर नीट टेकविला असता मुखाचे प्रतल उभ्या रेषेपासून जितके अंश मागे कललेले असते, तितका त्या क्लबचा लॉफ्ट होय. चेंडू किती उंच उडेल, त्याला किती फिरकी मिळेल, तो किती दूर जाईल आणि पडल्यावर किती घरंगळेल, या सर्व गोष्टी मोठ्या प्रमाणात लॉफ्टवर अवलंबून असतात. लॉफ्ट जितका कमी तितके अंतर जास्त, अशी खेळाडूंमध्ये सर्वसाधारण समजूत आहे. तथापि जमिनीवरील चेंडू मारताना ही समजूत मर्यादित अर्थानेच खरी ठरते. मंद किंवा मध्यम वेगाने क्लब फिरविणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत तर ती बहुधा चुकीचीच असते.

इतिहास : ‘वुड’ हे नाव या क्लबांच्या पूर्वीच्या लाकडी शीर्षावरून पडले. विसाव्या शतकात ही शीर्षे मुख्यत्वे अमेरिकेतील पर्सिमन वृक्षाच्या कठीण लाकडापासून बनवीत. महाराष्ट्रात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तो टेंभुर्णीचा वृक्ष याच डायोस्पायरॉस प्रजातीतील आहे. दांडे हिकरी या अक्रोडाच्या कुलातील वृक्षाच्या चिवट लाकडाचे असत. ‘रॉयल अँड एन्शंट’ या ब्रिटिश नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिल्यानंतर ते मागे पडले. त्या काळी क्लब क्रमांकांऐवजी नावांनी ओळखले जात. तळाला पितळी पट्टी असलेला तो ब्रॅसी, त्याहून तिरप्या मुखाचा तो स्पून आणि आखूड दांड्याचा, चेंडू उंच उडविणारा तो बॅफी. पुढे क्रमांक रूढ झाल्यावर ब्रॅसीची जागा २-वुडने व स्पूनची जागा ३-वुडने घेतली. खेळाडूने जास्तीत जास्त १४ क्लब बाळगावेत, असा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये व ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये झाला. या मर्यादेमुळे संचातील प्रत्येक क्लबची निवड महत्त्वाची ठरू लागली. पोकळ पोलादी शीर्षाचे क्लब १९७९ नंतर व्यावसायिक खेळात शिरले आणि पुढील काही वर्षांत लाकूड जवळजवळ नाहीसे झाले. नाव मात्र तेच राहिले.

लॉफ्टच्या निवडीचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३५ सालच्या ऑगस्टा नॅशनल स्पर्धेतील आहे. हीच स्पर्धा पुढे ‘मास्टर्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अखेरच्या फेरीत जीन सॅरझन हा क्रेग वुड याच्या तीन फटक्यांनी मागे होता व फक्त चार होल उरले होते. पंधराव्या होलवर, म्हणजे पाच फटक्यांचे प्रमाण असलेल्या होलवर, त्याचा दुसरा फटका सु. २३५ यार्डांचा (सु. २१५ मी.) होता आणि ग्रीनच्या अलीकडे पाणी होते. एवढ्या अंतरासाठी ३-वुड घ्यावा असे सहज वाटावे. परंतु चेंडू गवतात चांगला बसलेला नव्हता. म्हणून सॅरझनने अधिक लॉफ्टचा ४-वुड निवडला. चेंडू पाण्यापलीकडे पडून सरळ होलमध्ये गेला व तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली. बरोबरी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी ३६ होलांचा निर्णायक सामना झाला व तो सॅरझनने जिंकला. चेंडू होलमध्ये जाणे हा योगायोग होय; पण तो पाण्यापलीकडे पोहोचणे हे योग्य क्लबच्या निवडीचे फळ होते.

प्रकार व परिमाणे : सध्याच्या फेअरवे वुडचे प्रचलित लॉफ्ट सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात : ३-वुड १३·५ ते १६ अंश (बहुधा १५ अंश), ४-वुड १६·५ ते १७ अंश, ५-वुड १८ ते १९ अंश, ७-वुड २१ ते २२ अंश, ९-वुड २४ ते २५ अंश. क्रमांक वाढतो तसा दांडा थोडा थोडा आखूड होत जातो. ३-वुडची लांबी सु. १०९ सेंमी. असते, तर ७-वुड त्याहून ३ ते ४ सेंमी.ने आखूड असतो. ड्रायव्हर मात्र सु. ११५ सेंमी. लांब असतो. कोणत्या क्रमांकाचा लॉफ्ट किती असावा, याचे बंधन खेळाच्या नियमांत नाही. त्यामुळे एका निर्मात्याचा ३-वुड व दुसऱ्याचा ४-वुड यांत फारसा फरक नसणे शक्य असते. तसेच क्लबवर छापलेला लॉफ्ट व प्रत्यक्ष मोजलेला लॉफ्ट यांत एखाद्या अंशाची तफावत आढळू शकते. यास्तव क्रमांकावरून नव्हे, तर मोजलेल्या अंशांवरून तुलना करणे श्रेयस्कर होय.

आघाताचे यामिक : नियमानुसार चेंडूचे वस्तुमान ४५·९३ ग्रॅ.पेक्षा अधिक व व्यास ४२·६७ मिमी.पेक्षा कमी असू शकत नाही. ३-वुडच्या शीर्षाचे वस्तुमान सु. २१० ग्रॅ. असते. मुखाच्या मध्यावर आघात झाल्यास चेंडूचा वेग शीर्षाच्या वेगाच्या सु. १·४ ते १·५ पट होतो. मुख जितके तिरपे तितका आघात तिरकस होतो आणि ऊर्जेचा अधिक भाग पुढे ढकलण्याऐवजी फिरकी देण्यात खर्च होतो. कमी लॉफ्टच्या क्लबने चेंडूला अधिक वेग मिळतो तो यामुळेच. लॉफ्ट व अंतर यांविषयीच्या रूढ समजुतीचा उगमही येथेच आहे.

परंतु चेंडूचे अंतर केवळ वेगावर ठरत नाही. मागच्या बाजूस फिरणाऱ्या चेंडूवर हवेमुळे वर उचलणारी प्रेरणा कार्य करते. तिला मॅग्नस परिणाम म्हणतात. गॉल्फच्या चेंडूचे उड्डाण या फिरकीमुळे लांबते, हे एडिंबरोचे भौतिकीविज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा १८९६ व १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळविणारा नामवंत खेळाडू होता. उचलणारी ही प्रेरणा वेग व फिरकी या दोहोंबरोबर वाढते. वेगवान चेंडू कमी कोनाने निघाला तरी हवा त्याला उचलून धरते. मंद चेंडूच्या बाबतीत ही प्रेरणा अपुरी पडते. त्यामुळे तो मुळातच अधिक कोनाने निघाला नाही, तर लवकर खाली येतो. ड्रायव्हरचा चेंडू खुंटीवर असतो व तो वर जाणाऱ्या क्लबने मारता येतो. गवतावरील चेंडू मारताना मात्र क्लब किंचित खाली उतरत असतो. आघाताच्या क्षणी मुखाचा जो कोन असतो, तो प्रत्यक्ष लॉफ्ट होय. हात चेंडूच्या पुढे असल्यास तो छापील लॉफ्टपेक्षा कमी होतो. म्हणून १५ अंशांच्या ३-वुडने निघालेला चेंडू जमिनीशी १५ अंशांचा कोन सहसा करीत नाही. कुशल व्यावसायिकांच्या फटक्यात हा कोन सु. ९ ते ११ अंश असतो.

अंतर : अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांच्या फटक्यांची रडार उपकरणाने केलेली मोजमापे या दृष्टीने उद्बोधक आहेत. त्यांचा ३-वुड ताशी सु. १७२ किमी. वेगाने फिरतो, चेंडू ताशी सु. २५४ किमी. वेगाने निघतो आणि जमिनीला टेकण्यापूर्वी सु. २२२ मी. जातो. ५-वुडने तो सु. २१० मी. जातो. म्हणजे एवढ्या प्रचंड वेगाच्या खेळाडूंनाही या दोन क्लबांत सु. १२ मी. एवढाच फरक मिळतो. वेग जसजसा घटतो तसतसा हा फरकही घटत जातो आणि एका मर्यादेखाली तो उलटा होतो. ५-वुडचा चेंडू ३-वुडच्या चेंडूइतका किंवा त्याहून दूर पडू लागतो. त्या वेगाला ३-वुडचा चेंडू पुरेसा उंच जातच नाही.

याबाबत गॉल्फ शिक्षक जे ढोबळ आडाखे वापरतात ते असे : ड्रायव्हर फिरविण्याचा वेग ताशी १६० किमी.हून अधिक असणाऱ्या खेळाडूला १३·५ ते १५ अंशांचा क्लब जमिनीवरून मारता येतो. १३५ ते १६० किमी. वेगाच्या खेळाडूला १५ ते १७ अंश योग्य ठरतात. त्याहून कमी वेग असल्यास सर्वांत लांब मारावयाचा फेअरवे वुड १७ ते १९ अंशांचा असावा. आणि वेग ताशी ११५ किमी.च्या आसपास वा त्याखाली असल्यास ५-वुड व ७-वुड हीच जोडी उपयोगी पडते. अनेक हौशी खेळाडू, त्यांतही वयस्क खेळाडू, स्त्रिया व नवशिके, यांपैकी शेवटच्या दोन गटांत मोडतात. असे असूनही संचात १५ अंशांचा ३-वुड ठेवण्याचा प्रघात रूढ आहे. त्यामुळे जो क्लब सर्वांत लांब जाण्यासाठी विकत घेतला, तोच सर्वांत निराशा करणारा ठरतो. चेंडू उडत नाही म्हणून खेळाडू त्याला हातांनी उचलू पाहतो. त्या धडपडीत तो चेंडूच्या वरच्या भागावर किंवा चेंडूमागील जमिनीवर आघात करतो आणि क्लबचा दोष स्वतःच्या हाताचा समजतो.

अचूकता : अधिक लॉफ्टचा क्लब अधिक सरळ मारता येतो, याला यामिकीय आधार आहे. मुख ज्या दिशेला वळलेले असते व क्लब ज्या दिशेने जात असतो, त्या दोहोंत फरक असला की फिरकीचा अक्ष कलतो व चेंडू हवेत एका बाजूला वळतो. हा कल किती असेल, ते त्या फरकाचे उभ्या प्रतलातील तिरकसपणाशी जे गुणोत्तर असते त्यावर ठरते. आघातातील उभा तिरकसपणा १५ अंश व दिशांमधील फरक ३ अंश असल्यास गुणोत्तर एक-पंचमांश येते व अक्ष सु. ११ अंश कलतो. तिरकसपणा २१ अंश असल्यास तोच ३ अंशांचा फरक एक-सप्तमांश ठरतो व अक्ष सु. ८ अंशच कलतो. चूक तीच, पण तिचा दंड कमी. शिवाय आखूड दांड्यामुळे मुखाच्या मध्यावर आघात होण्याची शक्यता वाढते. मध्यापासून दूर बसलेला फटका वेग व दिशा दोन्ही गमावतो.

अचूकतेचे दुसरे अंग म्हणजे चेंडू पडल्यावर जागीच राहणे. वर उल्लेखिलेल्या मोजमापांत ३-वुडचा चेंडू सु. ४३ अंशांच्या व ५-वुडचा सु. ४७ अंशांच्या कोनाने खाली येतो. उभ्या कोनाने व अधिक फिरकीने उतरणारा चेंडू ग्रीनवर थांबतो. सपाट कोनाने येणारा पुढे घरंगळून बंकरमध्ये वा पलीकडील गवतात जातो. म्हणून ग्रीन गाठण्यासाठी फेअरवे वुड वापरावयाचा असेल, तर केवळ एकूण अंतर पाहून चालत नाही. अलीकडे व्यावसायिक खेळाडूही यामुळेच ७-वुडकडे वळले आहेत. २०२० ची मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या डस्टिन जॉन्सनच्या संचात हा क्लब होता.

अधिक लॉफ्टचे काही तोटेही आहेत. समोरून वारा असताना उंच व जास्त फिरकीचा चेंडू वाऱ्यात अडकून अंतर गमावतो. दांडा जमिनीशी जो कोन करतो तो खेळाडूच्या उंचीला व उभे राहण्याच्या पद्धतीला अनुरूप नसेल, तर त्याचा दिशेवर होणारा परिणाम अधिक लॉफ्टच्या क्लबांत जास्त जाणवतो. हा कोन वाजवीपेक्षा अधिक उभा असल्यास उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. टीवरून मारण्याच्या फटक्याचा विचारही वेगळा आहे. अरुंद होलवर ड्रायव्हरऐवजी फेअरवे वुड घेतल्यास चेंडू खुंटीवर असल्यामुळे कमी लॉफ्ट चालतो. २०१६ चे ब्रिटिश खुले अजिंक्यपद मिळविणारा स्वीडिश खेळाडू हेन्‌रिक स्टेन्सन हा १३ अंशांच्या ३-वुडने टीवरून मारलेल्या लांब व सरळ फटक्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या बळाचा व वेगाचा खेळाडू विरळाच.

जमीन व हवामान : चेंडू गवतावर कसा बसला आहे, यावर क्लबची निवड अखेरीस ठरते. उष्ण प्रदेशांतील फेअरवेवर बहुधा हरळीच्या जातीचे गवत असते. ते दाट वाढलेले असल्यास चेंडू जमिनीपासून किंचित वर राहतो व कमी लॉफ्टचा क्लबही त्याखाली पोहोचतो. पावसाळ्यानंतर जमीन कडक होऊन गवत विरळ झाले म्हणजे चेंडू थेट मातीवर बसतो. अशा वेळी लहान व उथळ शीर्षाचा, अधिक लॉफ्टचा क्लब सोयीचा पडतो. पावसाळी ओल्या मैदानावर चेंडू घरंगळत नाही. त्यामुळे हवेतील अंतर हेच खरे अंतर ठरते व अधिक लॉफ्टचा लाभ वाढतो. उंचीवर हवा विरळ असते. काश्मीरमधील गुलमर्ग येथील मैदान सु. २,६५० मी. उंचीवर असून तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. तीन-चतुर्थांश आहे. अशा ठिकाणी रोध कमी झाल्याने चेंडू दूर जातो. पण उचलणारी प्रेरणाही घटल्यामुळे त्याचे उड्डाण सपाट होते.

संचाची रचना : १४ क्लबांच्या मर्यादेत प्रत्येक क्लबचे अंतर शेजारच्या क्लबपेक्षा स्पष्टपणे वेगळे असावे, हे संचरचनेचे मूळ तत्त्व होय. फेअरवे वुडमध्ये ३ ते ४ अंशांचे अंतर राखण्याचा प्रघात आहे. तथापि वेग कमी असल्यास ४ अंशांनीही पुरेसा फरक पडत नाही. ज्याचा ३-वुड व ५-वुड सारखेच अंतर गाठतात त्याच्या संचात प्रत्यक्षात १३ च क्लब असतात. ड्रायव्हरचा लॉफ्टही विचारात घ्यावा लागतो. १२ अंशांचा ड्रायव्हर वापरणाऱ्यास १५ अंशांचा ३-वुड फारसे वेगळे अंतर देत नाही. त्याने १७ ते १८ अंशांपासून आरंभ करणे इष्ट. खालच्या टोकाला हायब्रिड हा वुड व आयर्न यांच्या मधला क्लब पर्याय म्हणून उपलब्ध असतो. समान लॉफ्टच्या फेअरवे वुडपेक्षा त्याचा दांडा आखूड असतो व शीर्षाचा गुरुत्वमध्य मुखाच्या अधिक जवळ असतो. त्यामुळे उंच गवतातून तो सहज निघतो. परंतु ७-वुडचा चेंडू त्याहून उंच जातो व मऊ उतरतो.

२००८ पासून नियमांनी समायोज्य वुडना मान्यता दिली असून अशा क्लबांत दांडा व शीर्ष यांच्या जोडावरून लॉफ्ट सु. १·५ ते २ अंशांनी कमी-अधिक करता येतो. मात्र या प्रकारात लॉफ्ट वाढविला की मुख थोडे बंद होते व कमी केला की उघडते, हे ध्यानात ठेवावे लागते. फेरी चालू असताना असा बदल करण्यास नियमांची मनाई आहे.

निवडीची पद्धती : लॉफ्टची परीक्षा दुकानातील कृत्रिम चटईवर घेतल्यास ती फसवी ठरते. चेंडूमागे जमिनीवर बसलेला आघात चटईवरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो व बरा वाटतो. गवतावर तोच फटका फसतो. म्हणून चेंडू गवतावर ठेवून, खुंटी न वापरता, प्रत्येक क्लबने किमान दहा फटके मारावेत व त्यांतील एकही न वगळता चेंडू पडल्याच्या जागेपर्यंतचे अंतर व बाजूचा फरक मोजावा. समजा, ३-वुडच्या दहा फटक्यांपैकी चार १७० मी. व सहा १३० मी. गेले, तर सरासरी १४६ मी. येते. ५-वुडचे आठ फटके १६० मी. व दोन १४० मी. गेले, तर सरासरी १५६ मी. होते. खेळाडूच्या लक्षात मात्र ३-वुडचे ते चार फटकेच राहतात आणि क्लब विकत घेताना तेच निर्णायक ठरतात. धावसंख्या मोजताना सर्व दहा फटक्यांचा हिशेब होतो.

या परीक्षेत सरासरी अंतर जवळजवळ सारखे आले, तर अधिक लॉफ्टचा क्लब स्वीकारावा. कारण त्याच अंतरासोबत तो सरळपणा व ग्रीनवर थांबण्याची खात्री देतो. कमी लॉफ्टच्या क्लबने सरासरीत १० मी. वा अधिक लाभ स्पष्टपणे मिळत असेल आणि फटक्यांचा पसारा वाढत नसेल, तरच त्याची निवड समर्थनीय ठरते. वयाबरोबर वेग घटत असल्याने ही परीक्षा काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. ३-वुड सोडून ५-वुड वा ७-वुड घेणे हे कौशल्य कमी झाल्याचे लक्षण समजण्याची प्रवृत्ती खेळाडूंत आढळते. वस्तुतः आपल्या वेगाला साजेसा लॉफ्ट ओळखणे, हाही या खेळातील कौशल्याचाच भाग होय.